लाल टोपण, केशरी टोपण

"मेणबत्ती धरता का जरा?"

हे त्याचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मी डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, ओढणी पिळत उभी... आणि हा माणूस औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतून माझ्याच हातात मेणबत्ती देतोय!

"मी गिऱ्हाईक आहे," मी म्हणाले. "इन्सुलिनच्या सुया द्या. लवकर. सात वाजायला पंधरा मिनिटं राहिलीत."

चैत्र संपत आला होता. स्टेशनच्या बाजूने आभाळ काळं होत आलं आणि बघता बघता कालबैशाखीच्या वादळाने चंदननगरला झोडपून काढलं. झाडं पडली, तारा तुटल्या, गल्लीगल्लीत अंधार झाला. माझ्या नेहमीच्या दुकानाला कुलूप होतं. मालक बायकामुलांना घेऊन पुरीला गेलेले. म्हणून मी धावत पलीकडच्या गल्लीत, देबनाथांच्या दुकानात आले होते. तिथे म्हाताऱ्या देबनाथबाबूंऐवजी हा उभा. उंच, सडपातळ, चष्म्यावर पावसाचे थेंब. आणि घाई म्हणून नाही!

"लाल टोपणाच्या हव्यात की केशरी?" त्याने विचारलं.

"टोपणाच्या रंगाचं काय करायचंय? मी काय साडी घ्यायला आलेय?"

"तसं नाही हो, पण..."

"नेहमीच्या द्या. नेहमीच्या!"

"नेहमी तुम्ही आमच्याकडे येत नाही."

"का येत नाही ते आज कळलं!"

तो हसला. मेणबत्तीच्या उजेडात त्याचे दात तेवढे दिसले. वाऱ्याने ज्योत एकदा आडवी झाली, दोघांनीही एकदमच हात पुढे करून ती झाकली—त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्याने डब्यातून दहा सुया काढून पुडी बांधली.

"शुगर कुणाला? वडिलांना?"

"मांजराला."

"मां..."

"मांजराला! म्याव करतं ते!" मी पुडी ओढून घेतली आणि पावसात पळाले.

माझं नाव ऐंद्रिला नंदी. घरी मिष्टू म्हणतात. ज्याने कुणी हे गोड नाव ठेवलं, त्याचा अंदाज साफ चुकला. मी दिव्यांच्या कारखान्यात नक्षी काढते. चौकटींच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक दिवा. जगद्धात्री पूजेला रस्त्यावर मोर पिसारा फुलवतो किंवा मासा शेपटी हलवतो, तेव्हा तो आधी महिनाभर माझ्या टेबलावर शेपटी हलवत असतो.

आणि माझा कमलाभोग. रंगाने हुबेहूब त्या केशरी रसगुल्ल्यासारखा, म्हणून ते नाव. बोका आहे, पण अख्खी गल्ली त्याला कमला म्हणते आणि तो ओ देतो. नऊ वर्षांचा. फाल्गुनात तो वाडगंच्या वाडगं पाणी पिऊ लागला, हडकला, मागचे पाय टाचांवर टेकवून चालू लागला. चुचुड्याच्या जनावरांच्या डॉक्टर लाहिरींनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "मधुमेह. दर बारा तासांनी चार युनिट. आधी जेवण, मग सुई. एकही वेळ चुकवायची नाही."

मी चुकवली नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात. दुर्गापूरच्या ज्या इंजिनियरशी माझं लग्न ठरत आलं होतं, त्याने चहाचा कप खाली ठेवत विचारलं होतं, "लग्नानंतर या मांजराची काही सोय लावाल ना?" मी त्याचीच सोय लावली. दारापर्यंत सोडायलाही गेले नाही. आई आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

तर त्या वादळाच्या संध्याकाळी बरोबर सातला मी सुई दिली. दुसऱ्या दिवशी दिली. तिसऱ्या दिवशी कमला पुन्हा पाण्याच्या वाडग्यापाशी दिसायला लागला. चौथ्या दिवशी सकाळी आईने त्याच्यापुढे उकडलेला मासा ठेवला. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

कमलाने माशाकडे पाठ फिरवली! मी काटे काढून हातावर घास धरला. नाही. कोळंबीची डोकी आणली. नाही. डॉक्टर लाहिरी बर्धमानला गेल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "रिकाम्या पोटी पूर्ण डोस द्यायचा नाही, साखर एकदम खाली जाईल. अर्धा द्या. मी परवा सकाळी येतेय, आल्याबरोबर घेऊन या."

म्हणजे मी आधीच कमी जात होतं त्यातलंही अर्धं करत होते. तेव्हा मला हे कुठे माहीत होतं?

डॉक्टर परतल्या त्या सकाळी मी त्याला टोपलीत घालून टोटो रिक्षात बसले, तेव्हा त्याला मान उचलवत नव्हती. तोंडाला नेलपॉलिशसारखा विचित्र वास येत होता. डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं, वास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. लघवी तपासली, कानातून रक्ताचा थेंब काढला.

"इन्सुलिन देत होता ना?"

"एकदाही चुकले नाही, मॅडम."

"सुई दाखवा."

मी पिशवीतून सुई काढली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली.

"केशरी टोपण? अगं, तुझं औषध एका मिलिलिटरला चाळीस युनिटचं आहे. त्याला लाल टोपणाची सुई लागते. ही शंभरची. हिच्यावर चार रेघा भरल्या की दीडच युनिट जातं. तू पाच दिवस याला चारच्या जागी दीड दिलंस! शरीराला साखर वापरता येईना, म्हणून त्याने स्वतःची चरबी जाळायला घेतली. त्याचं विष साचलंय रक्तात. भूक मेली ती त्याने."

मला त्याच क्षणी सगळं आठवलं. वारा, ज्योत, "लाल टोपणाच्या हव्यात की केशरी?" आणि माझं ते साडीचं उत्तर. दिवसभर लाल आणि केशरी दिव्यांत बुडालेली मी! दुसऱ्या दिवशी भर उन्हात, आणि पुढेही रोज, तीच सुई हातात घेत होते आणि टोपणाकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

आठवलं—आणि मी ते गिळून टाकलं. पण राग गिळता येत नाही. तो कुणाच्या तरी दारात नेऊन ओतावाच लागतो.

कमलाला सलाईन लावलेलं बघून मी थेट देबनाथांच्या दुकानात गेले. सकाळची गर्दी होती. तो एका म्हाताऱ्या बाईंना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होता.

"ए!" मी पुडी काउंटरवर आपटली. "हे काय दिलंस मला? वाच! डोळे आहेत ना? माझं मांजर मरायला टेकलंय तुझ्यामुळे! औषधाचं दुकान चालवतोस की कुल्फीची गाडी?"

त्याने सुई उचलली, टोपण पाहिलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मी पाहिलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

आतून म्हातारे देबनाथबाबू बाहेर आले आणि मुलाला म्हणाले, "बाबुई, काय म्हणतेय ही मुलगी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. आता म्हणेल, मी विचारलं होतं. आता म्हणेल...

"चूक झाली बाबा," तो म्हणाला. "माझी."

बस्स. एवढंच! मग मला विचारलं, "कुठे आहे तो?"

"तुला काय करायचंय?"

"कुठे आहे?"

मी पाठ फिरवून दवाखान्याकडे परत निघाले. तासाभरात तो चुचुड्याच्या दवाखान्यात हजर. कुणाला विचारत आला देव जाणे. हातात लाल टोपणाच्या सुयांचा डबा, साखर मोजायचं नवं यंत्र आणि पट्ट्या. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दुपार झाली तरी बसलेलाच. मी हळूच पाहिलं, तर महाराज पाय वर घेऊन मांडी घालून बसलेले.

"पाय वर का घेतलेत?" न राहवून मी विचारलं. सकाळचं अरे-तुरे आता माझ्याच कानाला बोचत होतं.

"ते पांढरं मांजर केव्हाचं माझ्याकडे बघतंय."

"म्हणजे... तुम्ही मांजराला घाबरता?"

"लहानपणापासून." तो गंभीरपणे म्हणाला. "उद्दालक माझं नाव. कोलकात्याला एका हॉस्पिटलात होतो, बाबांचे गुडघे गेले म्हणून महिन्यापूर्वी आलो."

"मी नाव विचारलं नव्हतं."

"शिव्या देताना सोयीचं पडेल म्हणून सांगितलं."

मला हसू आलं असतं. पण आत कमला नळीला बांधलेला होता. "हसवू नका," मी म्हणाले. "मला राग आलाय."

"राहू द्या ना राग. मी कुठे नको म्हणतोय?"

तीन दिवस तो असाच येत होता. सकाळी दुकान उघडायच्या आधी, संध्याकाळी बाबांना बसवून. मी बोलत नसे. तो भांड्यातला चहा मातीच्या दोन खुल्लडांत ओतून एक माझ्या बाजूला सरकवत असे. पहिल्या दिवशी मी तो तसाच थंड होऊ दिला. दुसऱ्या दिवशी प्याले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "साखर जास्त आहे."

"तुमच्याकडे बघून घातली जास्त," तो म्हणाला. "वाटलं, कमी पडत असेल."

तिसऱ्या दिवशी रक्तातलं विष उतरलं. डॉक्टर लाहिरींनी कमला माझ्या मांडीवर दिला. नुसती केशरी पिशवी.

"साखर ताब्यात आलीय. पण नीट ऐक. आता हा जेवला नाही तर यकृत जाईल. इन्सुलिनशिवाय वाचायचा नाही, आणि पोटात काही नसताना पूर्ण इन्सुलिन देता येत नाही. तेव्हा याला खायला लावायचं, कसंही करून. रोज दोन्ही वेळेला साखर मोजून मला कळवायची, डोस मी सांगेन. मळमळीचं औषध दिलंय. जेवण कोमट करून दे. मांजर जिभेने जेवत नाही, नाकाने जेवतं. दोन दिवस बघू. नाहीतर नळी घालून भरवावं लागेल."

संध्याकाळी पावणेसातला दाराची कडी वाजली. आईने दार उघडलं.

"मासीमा, मी उद्दालक. चुकीच्या सुया दिल्या तो."

माझी आई म्हणजे गल्लीतली तोफ. मी आत कान टवकारून बसले. आईने त्याला वर-खाली न्याहाळलं असावं. मग म्हणाली, "चपला बाहेर काढ. पाय पुसून ये."

झालं! आईसुद्धा फितूर.

त्याने कापूस घेतला, हात धुतले. कमलाच्या कानाच्या कडेला टोचताना त्याचा हात थरथरत होता—मांजराच्या भीतीने. पण थेंब पहिल्याच टोचणीत आला. आकडा त्याने वहीत लिहिला, डॉक्टरांना कळवला. मग आम्ही दोघं जमिनीवर समोरासमोर बसलो आणि मध्ये बशी. कोमट मासा. कमलाने बशीकडे पाहिलं, जणू आम्ही त्याच्यापुढे वीट ठेवलीय.

"खा ना रे," मी म्हणाले. "खा ना, राजा."

"माझ्याशी पण कधी या आवाजात बोलाल?"

"तुम्ही जेवण सोडून बघा."

बिनसुईच्या पिचकारीने मी थोडं माशाचं पाणी त्याच्या गालात सोडलं. निम्मं त्याने गिळलं, निम्मं उद्दालकच्या शर्टावर थुंकलं.

दुसरा दिवस तसाच. आईने हिलसा आणला, कोंबडीची कलेजी आणली. स्वतः जेवायची नाही ती आई कमलासाठी दिवसात चारदा चूल पेटवत होती. मी कारखान्यात रजा टाकली होती. साहेबांचा फोन आला—मोराचा पिसारा कधी देतेस? मी म्हटलं, मोर मेला. आणि फोन ठेवला.

संध्याकाळी उद्दालक आला तो कागदाच्या चार घड्यांत काहीतरी गुंडाळून. घड्या उघडल्या आणि... देवा! अख्ख्या घरात तो भपकारा पसरला.

"शुटकी!" आई स्वयंपाकघरातून किंचाळली. "माझ्या घरात सुका मासा? मिष्टू, हा मुलगा बांगाल आहे?"

"हो मासीमा," तो शांतपणे म्हणाला. "आजी पूर्व बंगालची, बरिशालची."

"नंदींच्या घरात तीन पिढ्यांत हा वास शिरला नव्हता! शेजारी मला वाळीत टाकतील! खिडक्या उघडा—नाही, बंद करा!"

"शेजारच्या काकीमांनी आत्ताच विचारलं, गटार तुंबलंय का," तो म्हणाला.

"बाहेर काढा तो प्रकार!" मीही ओरडले. "दोन दिवस मी या प्राण्याला... आणि तुम्हाला थट्टा सुचते?"

"थट्टा नाही. डॉक्टर म्हणाल्या ना, नाकाने जेवतो. यापेक्षा मोठा वास मला माहीत नाही."

त्याने डॉक्टरांना विचारूनच आणलं होतं. मीठ जास्त म्हणून दोनदा गरम पाण्याने धुतलेलं. त्यातली चिमूटभर चुरून त्याने कोमट माशावर टाकली आणि, मांजराला भिणारा तो माणूस, बशी हातात धरून थेट कमलाच्या तोंडापाशी पालथा पडला.

कमलाचं नाक हललं.

आई पदर नाकाला लावून दारात उभी होती. नाक पुन्हा हललं. मिशा पुढे आल्या. त्याने मान उचलली, एक पाय पुढे टाकला आणि जीभ बशीला लावली. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तो खाऊ लागला—मान वाकडी करून, घशातून ती घुर्रघुर्र काढत—आणि मी ढसाढसा रडायला लागले.

आई आत गेली. जाताना एवढंच पुटपुटली, "आता रोज हाच वास."

मी रडत होते आणि उद्दालक पालथाच होता, बशी सरकेल म्हणून हलत नव्हता. मला त्याचा एवढा राग आला!

"तुम्ही मला विचारलं होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी. लाल की केशरी. मी उत्तर दिलं नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर मी तुम्हाला नाही नाही ते बोलले!"

"विचारणं माझं काम होतं, उत्तर मिळेपर्यंत थांबणंही माझंच काम होतं." तो मान वर करून म्हणाला. "मी उत्तर न घेता सुया दिल्या. का दिल्या माहितीये? तुम्ही रागावून बघत होता आणि मला... काही सुचलंच नाही. औषधवाल्याने असं करून चालत नाही."

"एवढं चांगलं वागू नका हो. मला अजून राग येतो."

"मग येऊ द्या," तो म्हणाला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी डोळे पुसायच्या निमित्ताने ओढणी तोंडावर ओढली... अंगभर शुटकीचा वास येत होता, आणि मला तो अजिबात वाईट वाटत नव्हता.

त्यानंतर पंधरा दिवस तो दोन्ही वेळेला येत राहिला. खरं तर गरज उरली नव्हती. कमला जेवत होता, डोस पुन्हा चारवर आला होता, कान टोचणं मलाही जमायला लागलं होतं. पण पावणेसात झाले की मी केस नीट करायची आणि केस नीट केले म्हणून स्वतःवर चिडायची. आम्ही कशावरूनही भांडायचो. माशाला मोहरी जास्त की कमी, माझ्या कागदावरच्या मोराला पिसं किती, तो दाढी का करत नाही.

"तू आलास की घर कसं भरल्यासारखं वाटतं," आई त्याला म्हणाली.

"आवाजाने," मी म्हणाले.

सोळाव्या दिवशी त्याने वहीत आकडा लिहिला, टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून मला जमणार नाही. कोलकात्याच्या जुन्या हॉस्पिटलात जागा निघालीय. उद्या रुजू व्हायचंय. तिथेच राहीन."

"आणि दुकान?"

"बाबा बघतील. जमेल तेवढं."

"बरं," मी म्हणाले.

"बरं?"

"मग काय म्हणू? कमलाला कडेवर घेऊन स्टेशनवर सोडायला येऊ?"

तो चपला घालून गेला. मी दाराला कडी घातली ती इतक्या जोरात, की कमला कपाटावर चढला.

सकाळी सातची सुई मी एकटीने दिली. आठला आई बाजारातून आली आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "देबनाथांच्या दुकानात काळं कुत्रं नाही. फुलवाली सांगत होती, तू त्या दिवशी जो तमाशा केलास ना, तेव्हापासून लोक म्हणतात तो पोरगा चुकीची औषधं देतो. सगळे पलीकडे मोठ्या रस्त्यावर जातात. म्हाताऱ्याने पोराला सांगितलं, तू इथे असेपर्यंत कुणी यायचं नाही, तू जा."

"हे त्याने मला सांगितलं नाही!"

"तो सांगणाऱ्यातला दिसतो का तुला?"

रोज दोनदा माझ्या घरी येत होता. माझ्याशी मोहरीवरून भांडत होता. आणि तिकडे माझ्या जिभेने त्याचं दुकान बसवलं होतं! मी घरातल्या चपलांवरच निघाले. रस्त्याने जाताना मी त्याला मनातल्या मनात जेवढं बोलले, तेवढं आयुष्यात कुणाला बोलले नसेन.

दुकानात फक्त गल्लीतले सान्याल जेठू होते, आपली रक्तदाबाची गोळी घ्यायला. ते म्हातारे, मोठ्या रस्त्यापर्यंत चालवत नाही म्हणून तेवढे उरलेले. म्हातारे देबनाथबाबू काउंटरवर, आणि मागे उद्दालक—खांद्याला बॅग.

"परत आली!" सान्याल जेठू म्हणाले. "आता काय, दुसऱ्या मांजराला काही झालं?"

"जेठू, तुम्ही त्या दिवशी होता ना इथे? मग आज पण ऐका." मी एवढ्या मोठ्याने बोलले, की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला, चहावाल्याकडचे चौघे वळले. मला तेच हवं होतं. "यांनी मला विचारलं होतं, लाल टोपणाच्या सुया हव्यात की केशरी. मी उत्तर दिलं नाही, उलट टोमणा मारला. नंतर पाच दिवस मी टोपणाकडे बघितलंही नाही. त्या दिवशी मी तुम्हा सगळ्यांना अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं हे आहे. माझं मांजर एकट्या यांच्यामुळे मरायला टेकलं नव्हतं. ते वाचवलं मात्र यांनी. ज्याला खात्री करायची असेल त्याने घरी या, कमला दोन वेळा पोटभर जेवतोय."

देबनाथबाबूंनी चष्मा काढला. "पोरी, हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"राग आला होता, काकाबाबू."

"आणि आता?"

"आताही आलाय. तुमच्या मुलाचा! स्वतः गप्प बसतो आणि मला अपराधी करून ठेवतो."

उद्दालक काउंटरची फळी उचलून बाहेर आला. "ऐंद्रिला, आत या. सगळे बघतायत."

"बघू देत. जाऊ नकोस."

तो थबकला. "काय म्हणालात?"

"जाऊ नकोस म्हणाले. कोलकात्याला. ऐकू येत नाही का?"

"जागा आजपासूनची आहे," तो सावकाश म्हणाला. "त्यांना काहीतरी कारण सांगावं लागेल."

"सांग, मांजर आजारी आहे."

"ते तर बरं झालंय. आत्ताच सांगितलंस तू, अख्ख्या गल्लीला."

तू म्हणाला तो मला. माझे कान तापले. "मग सांग... मला काय विचारतोस? तुझं तू शोध कारण!"

"अरे, माझी गोळी तेवढी दे," सान्याल जेठू म्हणाले. "इथे माझं प्रेशर चढतंय."

"एक मिनिट, जेठू." त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्याकडे बघतच नंबर लावला. "नमस्कार, मी उद्दालक देबनाथ. हो, आज रुजू होणार होतो... नाही, येत नाहीये. आज नाही, नंतरही नाही. कारण?" तो जरा थांबला. "कारण घरगुती आहे."

"घरगुती!" शिंपी हसला.

"घरगुती?" मी ओरडले. "कसलं घरगुती? मी हो कुठे म्हटलंय अजून?"

त्याने फोन खिशात ठेवला. बॅग खांद्यावरून काढून काउंटरवर ठेवली. त्याच्या चष्म्याआडचे डोळे हसत होते.

"मग म्हण ना," तो म्हणाला.

आणि मी म्हटलं. भर गल्लीत, सगळ्यांसमोर, ओरडूनच.